आधी खोल, मग बोल

माझ्या हाताखाली एकतीस वर्षांत जेवढी पोरं तयार झाली, त्या सगळ्यांना माझं एक वाक्य पाठ आहे. आधी खोल, मग बोल. मशीन अडलं की पोरगं लांबूनच हात झटकत यायचं आणि म्हणायचं, "साहेब, गेलं ते. नवंच मागवा." मी विचारायचो, "खोललं का?" ते म्हणायचं, "नाय." मग मी त्याची अशी बिनपाण्यानं करायचो की पुन्हा आयुष्यात त्यानं झाकण न उघडता तोंड उघडलं नाही.

माझं नाव बद्रीनाथ. चितेगावच्या एका कंपनीत टूलरूमचा, म्हणजे जिथं साचे आणि हत्यारं बनतात तिथला, फोरमन होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कांचनवाडीतल्या आमच्या गल्लीत आजही मला सगळे फोरमनच म्हणतात. मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोला.

तर हे वाक्य माझं. आणि गेल्या भाद्रपदात ते उचलून माझ्याच कपाळावर मारलं ते माझ्या पोरीनं.

तनुजा माझी एकुलती एक. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, डिझाईनमध्ये हात चांगला. नोकरीसाठी दोन ठिकाणी जाऊन आली. दोन्हीकडं चहा पाजला आणि सांगितलं, काम चांगलं आहे तुमचं, पण टूलरूमला आम्ही मुली घेत नाही. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी त्या लोकांना चार शिव्या हासडल्या. मग पाचवी तोंडात आली आणि आठवलं, की माझ्या एकतीस वर्षांत माझ्याही टूलरूमला एक पोरगी नव्हती, आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. पाचवी शिवी मी गिळून टाकली.

तिसरं बोलावणं आलं शेंद्र्याच्या एका कंपनीचं. इथं मुलाखत नव्हती, परीक्षा होती. सोमवारी सकाळी दहा ते दोन, घरीच बसून, आपल्याच लॅपटॉपवर. तिचा पडदा तिकडच्या माणसाला दिसत राहणार आणि ती एक फिक्श्चर बनवणार. फिक्श्चर म्हणजे काम चालू असताना जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, जागचा हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी पकड. चार तासांत तिचं पूर्ण डिझाईन द्यायचं. त्यांना तोंड बघायचं नव्हतं, काम बघायचं होतं. पोरगी त्या दिवशी घरभर नाचली.

अडचण एकच होती. आमचा लॅपटॉप वीस मिनिटं चालायचा.

अकरा वर्षांचा होता तो. कंपनीतली ड्रॉइंगं कागदावरून कॉम्प्युटरवर गेली तेव्हा आपण मागं पडायला नको म्हणून मीच घेतला होता. त्यावर मी पत्त्यांचा खेळ शिकलो आणि बाकी सगळं तनूनं शिकून घेतलं. आता त्याची दशा अशी होती, की बटण दाबून माझी बायको द्वारका चहाचं आधण ठेवायची आणि चहा पिऊन, कपबशा विसळून झाल्या की हा महाराज जागा व्हायचा. वर ते डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडलं की आतला फॅन पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, बूड तव्यागत तापायचं आणि विसाव्या मिनिटाला पडदा काळा.

दोष कुणाचा हे मला पक्कं माहीत होतं. तनूचा. "गादीवर ठेवून वापरती. त्याच्यासमोर बसून जेवती. मशीनला श्वास घ्यायला जागा नको का?" हे मी तिला गेली दोन वर्षं रोज ऐकवत होतो. ती ऐकून घ्यायची.

गुरुवारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन एका चकचकीत काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं तो हातातसुद्धा घेतला नाही. वरूनच बघून म्हणाला, "अंकल, याची एक्सपायरी झाली. नवा घेऊन टाका."

मला पटलं. पैशाची अडचण नव्हती, आणि पोरीच्या नोकरीपुढं लॅपटॉप तो काय. मी खिशात हात घातला. तर तनूनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि दुकानाची पायरी उतरली.

"अगं, कुठं चालली?"

"पप्पा, त्यानं खोललं का?"

मी खिशातला हात बाहेर काढला.

"आधी खोल, मग बोल. कुणाचं वाक्य हाय ते?"

रस्त्यानं जाणाऱ्या रिक्षावाल्यानंसुद्धा वळून बघितलं, इतक्या मोठ्यानं बोलली. मी म्हटलं, "अगं पण सोमवार चार दिवसांवर आला. खोललेलं जर शनिवारपर्यंत बंद नाय झालं, तर?"

"तर सोमवार गेला. पण नवा घेतला तरी त्याच्यात माझं सगळं सॉफ्टवेअर, माझे सगळे पार्ट भरायला तेवढेच दिवस लागतेत. आणि नवीन मशीनवर परीक्षा द्यायची का मी? तुम्ही कधी नवीन लेथवर पहिलाच जॉब कस्टमरचा लावला का?"

नव्हता लावला. कुणीच शहाणा लावत नाही.

घरी आलो तर द्वारकानं वेगळंच काढलं. नवा लॅपटॉप हा शब्द तिनं फाटकातूनच ऐकला होता. "पित्रं चालू हायेत. या पंधरा दिवसांत नवी वस्तू घरात आणायची नाय. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय, तिथं तरी अवदसा आठवू नका."

मी तोंड उघडणार एवढ्यात तनू म्हणाली, "आई, वस्तू जुनीच हाय गं. आत फक्त औषध घालायचंय."

द्वारकाला तेवढं चाललं. पितरांचंही काही म्हणणं नसावं.

त्या दुपारी पोरीनं मला समोर बसवून लॅपटॉपचा रोग समजावून सांगितला. मी एकतीस वर्षं लोकांना समजावलंय, मला कुणी समजावलेलं आठवत नाही. तिनं आठवडाभर त्याच्याकडं बारीक लक्ष ठेवून सगळं वहीत टिपून ठेवलं होतं. किती मिनिटाला किती तापला, तेव्हा काय चालू होतं, मेमरी किती भरली. ती म्हणाली, याचा मेंदू चांगला हाय, अजून पाच वर्षं ओढंल. पण याची हार्डडिस्क म्हातारी झाली, तिच्या आत तबकडी फिरती आणि ती एकेक गोष्ट शोधत बसती. तिच्याजागी एसएसडी घालायची, तिच्यात काहीच फिरत नाही. रॅम कमी पडती, पण एक खाच रिकामी हाय, तिच्यात एक पट्टी बसंल. आणि ताप कशाचा हे खोलल्यावर कळंल.

"ज्यात काहीच फिरत नाय ते मशीन कसलं?" मी म्हटलं.

"पप्पा, तुमच्या डोक्यात तरी काय फिरतं?"

द्वारका आतून हसली. मी ऐकलं.

शुक्रवारी सकाळी स्कूटरवर शहागंजला गेलो. तिथं एका बोळात खालेदभाईंचं जुन्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक बल्ब आणि छतापर्यंत डबे. खालेदभाईंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढं सरकवला, त्यात रॅमच्या पट्ट्या पडल्या होत्या. तनूनं एक उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या, एका साच्यातून काढल्यासारख्या.

"ही घे की. बसंल," मी म्हटलं.

"बसंल, पण चालणार नाय. हिच्यावर वाचा. ही दीड व्होल्टची हाय. आपल्याला त्याच्याहून कमी व्होल्टची लागती."

मी चष्मा लावून वाचलं. मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं होती. खालेदभाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "फोरमनसाब, बेटी कू दुकानपे बिठा देव. मेरे पोट्टे कू इत्ता समझता नै."

सहावी की सातवी पट्टी तिला पसंत पडली. खालेदभाईंनी तिची टोकं पेन्सिलीच्या खोडरबरानं घासून पुसली आणि चालवून दाखवली. एसएसडी घेतली, मेंदूचा ताप ओढून घेणारं पेस्ट घेतलं. शेवटी ती म्हणाली, "आणि एक बॅटरी."

इथं मी आडवा आलो. "बॅटरी कशाला? घरात प्लग हाय ना? चोवीस तास लावलेलाच असतो."

"जुनी बॅटरी एक मिनिट टिकत नाय, पप्पा."

"टिकायचंय कशाला? तू काय झाडावर बसून परीक्षा देणार का?"

तिनं माझं ऐकून घेतलं आणि बॅटरी घेतली. हे तिचं नेहमीचंच. भांडत नाही, करते.

शुक्रवारची दुपार जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवण्यात गेली. बाहेरूनच एका वायरीनं जोडून ते चाललं होतं. लॅपटॉप तापून बंद पडू नये म्हणून तिनं तो दोन विटांवर ठेवला आणि खालून टेबलफॅन लावला. मला ती युक्ती सुचली नसती. मी मनातल्या मनात नोंद केली, पण तोंडानं काही बोललो नाही. फोरमननं कौतुक करायची सवय लावली की हाताखालची माणसं सैल होतात, असं मला तेव्हा वाटायचं.

शनिवारी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, जेवणाच्या टेबलावर जुनी सुती चादर अंथरून काम सुरू झालं. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, चुकली की सांगू.

तिनं आधी बॅटरी काढली. मग उठून मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून आली. पाच मिनिटांनी पुन्हा गेली, नळाला हात लावून आली. मला वाटलं, परीक्षेच्या भीतीनं पोरगी नळाच्या पाया पडायला लागली.

"हे काय देवदेव?"

"अंगातली वीज उतरवती. आपल्याला जाणवत नाय, पण बोटातून एक ठिणगी गेली तरी रॅम मरती."

मी खुर्ची जरा मागं घेतली.

मग तिनं जे केलं ते मी पुढं वाकून बघितलं. लग्नपत्रिकांच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, त्यावर पेनानं लॅपटॉपच्या पाठीचा आकार काढला, आणि जिथून जो स्क्रू निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवत गेली. लांब स्क्रू लांबच्या जागी, आखूड आखूडच्या. बारा स्क्रू, बारा भोकं. जोडताना डोकं चालवायचंच नाही, पुठ्ठा बघायचा.

ही माझी पद्धत. टूलरूमला प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हीच शिकवायचो.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"मी दुसरीत होते. तुम्ही मिक्सर खोलला होता. मी शेजारी बसून पुठ्ठा धरला होता."

मला आठवेना. तिला आठवत होतं. मी कधी तिला काही शिकवायला बसलो नव्हतो, आणि तिनं सगळं उचललं होतं. मी उठून पाणी प्यायलो.

झाकण निघालं. तिच्या बोटांकडं मी बघत होतो. एक रिबनसारखी बारीक पट्टी तिनं नखानं अशी सोडवली, की माझ्या टूलरूमचा सगळ्यात चांगला फिटर कडुबासुद्धा बघत राहिला असता. कुठं जोर लावायचा नाही हे तिला कळत होतं. ते शिकवून येत नाही. माझ्याकडं तीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसांना आलं नाही.

मग तिनं फॅन उघडला आणि थांबली.

"पप्पा, हे काय हाय?"

मी वाकून बघितलं. फॅनच्या बाजूला गरम हवा बाहेर जायची एक जाळी असते, पातळ पात्यांची. ती पूर्ण लिंपलेली होती. धूळ होतीच, पण धूळ करडी असते. ही लाल होती. लाल, घट्ट, वाळलेल्या चिखलाची. आणि त्या चिखलात, फॅनच्या पात्याला घासेल असे, तीन तांदूळ रुतले होते. तनूनं चिमट्यानं एकेक काढून पांढऱ्या कागदावर ठेवला.

मला एका क्षणात सगळं कळलं.

दर वर्षी खंडेनवमीला मी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतो. माझं मापाचं व्हर्नियर, मायक्रोमीटर, पान्हे, द्वारकाची विळी, आणि अकरा वर्षांपासून लॅपटॉप. कंपनीत मशीनला पूजायचं तर कुंकू पाण्यात कालवून बोटांनी अंगावर पट्टे ओढायचे, वर अक्षता टाकायच्या. लोखंडाला काही होत नाही. लॅपटॉपचं झाकण उघडून मी तसंच करायचो. कीबोर्डवर लावलं तर अक्षरं झाकतील, म्हणून कीबोर्डच्या वरच्या मोकळ्या पट्टीवर लावायचो. त्या पट्टीला बारीक जाळी आहे हे मला दिसायचं. शोभेची असेल असं वाटायचं. अकरा दसरे, दर वर्षी ओलं कुंकू आणि मूठभर अक्षता, आणि मग निगुतीनं हात जोडून म्हणायचो की पोरीला यश दे.

ज्या माणसानं एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं की मशीनमध्ये काय जातं ते बघा, त्यानं स्वतःच्या पोरीच्या मशीनचा गळा स्वतःच्या हातानं बुजवला होता.

आणि मी काय बोललो? सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "तुला हजारदा सांगितलं, त्याच्यासमोर बसून जेवू नको. बघ, भात पडला असंल."

तनूनं माझ्याकडं बघितलं. तांदळांचा तो कागद दुमडून बाजूला ठेवला आणि ब्रशनं जाळी साफ करायला लागली. द्वारका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत होती. तिनं एकदा त्या कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

पुढचा तासभर काम चाललं. तिनं जाळीतली लाली पार खरवडून काढली. मेंदूवरचं वाळून पापड झालेलं जुनं पेस्ट पुसलं, तांदळाच्या दाण्याएवढं नवं लावलं. रॅमची पट्टी तिरपी घालून खाली दाबली, टक् असा आवाज आला. डिस्क काढली, एसएसडी सरकवली. पुठ्ठ्यावरचे स्क्रू एकेक करून आपापल्या घरी गेले. एकही उरला नाही. शेवटी नवी बॅटरी बसवली.

"आई, चालू करते गं," ती म्हणाली. द्वारका सवयीनं उठून गॅसकडं गेली.

बटण दाबलं. दिवा लागला. पडदा काळाच.

शनिवारची दुपार झाली होती. आता काही केलं तरी सोमवार हातचा गेला, असंच मला दिसलं. आणि त्याचं कारण त्या कागदात दुमडून ठेवलेलं होतं. त्या जागी मी असतो तर पान्हा फेकला असता. फेकलेले आहेत.

तनूनं पान्हा फेकला नाही. कपाळावरचा घाम पुसला, नळाला हात लावून आली, आणि पहिल्यापासून बारा स्क्रू काढले. रॅमची पट्टी बाहेर घेतली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, माझ्या कंपासमधलं खोडरबर द्या."

मी धावत जाऊन आणलं. तिनं पट्टीची सोनेरी टोकं हलक्या हातानं घासली, फुंकर न मारता कापडानं पुसली, पुन्हा बसवली. या वेळी आवाज दोनदा आला. टक्, टक्.

"मघाशी एकाच बाजूनं बसली व्हती," ती म्हणाली.

बटण दाबलं. द्वारकानं काडी ओढून गॅस पेटवला आणि पातेलं ठेवायला वळली, तोवर पडदा उघडलेला. पातेलं हातातच राहिलं तिच्या.

"झालं पण?" ती म्हणाली. "मग चहा कधी करू मी?"

रविवारी तनूनं चार तास घड्याळ लावून त्यावर काम करून बघितलं. सॉफ्टवेअर पळत होतं. बूड कोमट, फॅनचा आवाज एवढा की कान लावावा लागावा. मी दर अर्ध्या तासानं हाताची पाठ लावून ताप बघत होतो, लहानपणी तिच्या कपाळाला लावायचो तशी.

सोमवारी दहाला ती आतल्या खोलीत बसली. दार लोटलेलं. मी बाहेर दाराला लागून स्टुलावर. द्वारका म्हणाली, जरा बाहेर चक्कर मारून या, तुमच्या श्वासाचा आवाज आत जाईल. मी हललो नाही.

बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि लाईट गेली.

छताचा पंखा गरगर करत थांबला. वायफायचा दिवा विझला. मी बाहेर येऊन बघितलं तर अख्खी गल्ली ओट्यावर आलेली. परत येऊन दाराशी उभा राहिलो. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. आतला छोटा फॅन चालू होता. एकसारखा, कुठं घासत नव्हता, कुठं अडखळत नव्हता. आवाजावरून बेअरिंग ओळखायची माझी सवय आहे. एवढा गोड आवाज मी कुठल्याही कारखान्यात ऐकला नाही.

मग तनूचा आवाज आला, शांत. "सर, आमच्याकडं लाईट गेली. मी फोनच्या नेटवर आले. माझा पडदा दिसतोय ना?"

"दिसतोय," तिकडचा माणूस म्हणाला. "बॅटरी पुरेल?"

"पुरेल सर."

ती बॅटरी, जी मी घेऊ देत नव्हतो. मी स्टुलावर बसलो आणि पाऊण तास उठलो नाही. लाईट आली तेव्हा द्वारकानं देवाला हात जोडले. मी मनातल्या मनात आतल्या खोलीला जोडले.

दोनला पाच कमी असताना तिचं काम झालं. तिकडच्या माणसानं डिझाईन उलटंसुलटं फिरवून बघितलं, दोन प्रश्न विचारले. मग म्हणाला, "मशीन कोणतं आहे तुमचं? एवढं मोठं डिझाईन, आणि कुठं अडकलं नाही."

"अकरा वर्षं जुनं हाय सर. परवाच मी खोलून नीट केलं."

"तुम्ही? कुणी शिकवलं?"

"माझे पप्पा टूलरूमचे फोरमन होते. त्यांनी."

दाराच्या अलीकडं मी होतो. पोरीनं परक्या माणसापुढं सगळं श्रेय माझ्या पदरात टाकलं होतं, आणि मी तिच्या डोक्यावर भाताचा आळ ठेवून बसलो होतो. मी तिथून उठलो आणि गच्चीवर जाऊन उगाच वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या.

आठवड्यानं पत्र आलं. टूलरूम, डिझाईन विभाग, दसरा झाला की रुजू व्हायचं. त्या टूलरूमला ती पहिली पोरगी. द्वारकानं पेढे वाटले. गल्लीत सगळे मला म्हणाले, फोरमन, शेवटी पोरगी तुमच्यावर गेली. दर वेळी ते तीन तांदूळ माझ्या डोळ्यांसमोर यायचे. सांगू सांगू म्हणता दिवस गेले. जिभेवर यायचं आणि परत जायचं.

खंडेनवमी उजाडली. मी पाट मांडला, हत्यारं पुसून ठेवली. तनूनं लॅपटॉप आणून नेहमीच्या जागी ठेवला. कुंकवाची वाटी माझ्या हातात होती. बोट बुडवलं आणि तसंच राहिलं. थेंब पाटावर पडला.

"लावा की," तनू म्हणाली.

"नाय लावत." मग एकदम सगळं बाहेर आलं. "तनू, तो भात नव्हता. त्या अक्षता व्हत्या. माझ्या. अकरा वर्षं मीच टाकल्या, ते कुंकूबी माझंच. आणि बोललो तुला. दोन वर्षं बोललो. माझं चुकलं, पोरी."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन. द्वारकासुद्धा आरतीचं ताट धरून जागीच थांबली.

तनूनं ओढणीच्या गाठीतून एक दुमडलेला कागद काढला आणि पाटावर उघडला. तीन तांदूळ, लालच लाल.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "भाताला कुंकू कोण लावतं, पप्पा?"

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही माझ्या नावानंच टाकल्या व्हत्या ना त्या. काय बोलायचं?"

मला काही दिसेना. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसावेत तर मी पँट घालतो, म्हणून कुंकवाच्या हातानंच पुसले आणि कपाळ, गाल सगळं लाल करून घेतलं. मायलेकी हसायला लागल्या. मीही हसलो, नाक ओढत.

मग मी कुंकू लावलं. माझ्या व्हर्नियरला एक बोट, आणि त्याच्या शेजारी तनूच्या त्या छोट्या स्क्रूड्रायव्हरला एक. ते तीन तांदूळ त्याच्यावर वाहिले. लॅपटॉपला नुसतं एक झेंडूचं फूल, तेही झाकण बंद करून.

पूजा झाली तसा तनूनं लॅपटॉप उचलून पालथा केला आणि स्क्रूड्रायव्हर पुसून माझ्यापुढं धरला.

"घ्या. आजपासून दर खंडेनवमीला फॅन साफ करायचा. आज तुम्ही खोला, मी सांगते."

"माझ्या बोटांना हे जमायचं नाय. लई बारीक हाय."

"आधी खोला," ती म्हणाली, "मग बोला."

मी मोरीत जाऊन नळाला हात लावून आलो. ती पुठ्ठा धरून शेजारी बसली. पहिला स्क्रू काढायला मला पाच मिनिटं लागली, दोनदा निसटला. तिनं घाई केली नाही. निघाला तेव्हा मी तो पुठ्ठ्यावर त्याच्या जागी टोचून ठेवला.